पक्कड घरी ठेवून या

मुकुंदवाडी, स्टेशनाच्या मागच्या गल्लीतून,
बुधवार

तीर्थरूप कडुबामामांना,

गोकुळचा नमस्कार पोचावा. दरवेळी पाया पडतो, या वेळी उभ्यानंच पडलो असं समजा. खाली वाकलं की सगळं रक्त हिरड्यांत उतरतं आणि ठणका पार डोळ्यापर्यंत जातो. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची कवळी आता नीट बसते का, की अजून लग्नकार्यात मिरवायला घालायची आणि जेवायला बसलं की काढून डब्यात ठेवायची असंच चाललंय? विहिरीत काही आहे का, की बादली सोडली की नुसता आवाज येतो? इकडची खुशाली अशी की शहरात पाणी नाही, म्हणून टँकरचं काम जोरात आहे. सगळी दुनिया आभाळाकडं बघते आणि आम्ही टँकरवाले खाली मान घालून गप बसतो. कुणी विचारलं की पाऊस यावा वाटतं का, तर सगळ्यांत मोठ्यानं व्हय म्हणतो. तब्येत उत्तम आहे, फिकीर करू नये. तोंड सोडलं तर बाकी सगळं अंग ठणठणीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा पोरगा कागद कशाला काळे करतोय, तेही सातवीतून शाळा सोडलेला. तर मामा, फोनवर तुम्ही ऐकत नाही, तुम्ही सांगता. शिवाय फोन स्पीकरवर टाकून पारावर मधोमध ठेवता, म्हणजे मी इकडून एक बोललो की तिकडून आठ जण उत्तर देतात. काल मी तोंड उघडायच्या आधीच कुणी तुरटी सांगितली, कुणी पेरूचा पाला सांगितला, आणि एकानं तर असं काही सांगितलं की ते मी बैलाच्यासुद्धा तोंडाला लावणार नाही. पत्राचं तसं नाही, त्याला मध्येच तोडता येत नाही. मोनिका वाचून दाखवील. आई गेल्यावर माझ्या या बहिणीला तुम्ही पोटच्या पोरीसारखं वाढवलं, दहावीपर्यंत शिकवलं, त्याचा आज एवढा तरी उपयोग होऊ द्या. (मोने, हे मनात वाच. इथून पुढं कंसात जे येईल ते फक्त तुझं. कंस म्हणजे ही दोन उभी कोयती. मामाला वाटलं पाहिजे की तू श्वास घ्यायला थांबलीस. पहिलं काम असं की मामाची पक्कड दाराच्या मागच्या खुंटीला असते, ती काढून ज्वारीच्या कणगीत तळाला खुपस. रविवार गेला की काढ.)

मुद्दा असा की रविवारी तुम्ही येऊ नका. म्हणजे या, पण तसे येऊ नका. काल फोनवर तुम्ही म्हणलात, "गोक्या, पुढचे हलतेत ना? घाबरतो काहून लेका, रविवारी पहिल्या जीपनं येतो. आधी इथं घरातलंच एक गिऱ्हाईक उरकतो, मंग तुझे चार काढतो. हलणारे गेले की बाकीचे आपोआप शिस्तीत राहतेत." एवढं बोलून फोन बंद. पारावरचे हसले म्हणून मीही हसलो, पण तेव्हापासून माझी जीभ सारखी त्या चौघांकडं जाऊन बघते, आहेत का अजून म्हणून. मामा, हे काही कडेचे, कुणाला न दिसणारे दात नाहीत. खालचे पुढचे चार आहेत. त्यांच्यावर माझं हसणं आहे, कणीस खाणं आहे, शिट्टी आहे, टँकर मागं घेताना आमच्या ड्रायव्हर बब्बूभाईला शिट्टीच कळते, आणि उद्या कुणी पोरगी दाखवायला आणलीच तर तेही त्यांच्यावरच उभं आहे. ते राहतात की जातात याचा निकाल दीड महिन्यात लागायचाय, आणि अर्धा निकाल तुमच्या पिशवीत आहे.

तुमच्या हाताला यश आहे हे मी नाही म्हणत नाही. दुखणारा माणूस नारळ घेऊन येतो, तुम्ही त्याला अंगणात बसवता, वर बोट करून म्हणता, "ती बघ घार," आणि तो वर बघेस्तोवर दात तुमच्या हातात असतो. म्हणून तर आपल्या गावात अजून घार दिसली की माणसं पटकन तोंडावर हात ठेवतात. सर्जेराव जीपवाल्यानं तर घार बघायलाच नको म्हणून टपावर ताडपत्री टाकली, असं लोक म्हणतात. पण मामा, माझं दुखणं त्या जातीचं नाही. ते काय जातीचं आहे हे मलाही गेल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं, आणि ज्या तऱ्हेनं ठाऊक झालं ती तऱ्हा दुश्मनावर येऊ नये.

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला माहीत आहे, मी दहा-बारा वर्षांचा असल्यापासून मामींच्या हातची मिसरी घासतो. तव्यावर तंबाखू काळीभोर भाजून मामी जी पूड करतात तिला तोड नाही, आणि दर महिन्याला सर्जेरावच्या जीपनं डबी येते, ती मी नेमानं लावतो. सकाळी दात घासायला, दुपारी कामाला जोर यायला आणि संध्याकाळी करमत नाही म्हणून. उन्हाळ्याच्या तोंडी एकदा डबी आली नाही, मामी लग्नाला गेल्या होत्या, माझा राग नाही. म्हणून बब्बूभाईच्या पेस्टनं दात घासले, तर भळाभळा रक्त. तेव्हा मी फोनवर सांगितलं, आणि तुम्ही म्हणलात की बघ, मिसरी सोडली की रक्त आलं, शहरातली पेस्टच खराब. मलाही पटलं. मिसरी पुन्हा चालू केली, रक्त थांबलं. ब्रशनं रक्त येतं म्हणून ब्रश त्या भागाकडं न्यायचंच सोडलं. आपण दोघंही लई हुशार निघालो मामा, पण ते पुढं कळालं.

आता माझं काम. टँकरला खाली कॉक असतो, तो फिरवला की पाणी पाइपात येतं, असं जगात सगळीकडं आहे. आमचे मालक अप्पाराव यांच्या टँकरचा कॉक दोन उन्हाळ्यांपूर्वी गळायला लागला. नवा बसवायच्या ऐवजी त्यांनी तो झाळून कायमचा बंद केला आणि मला म्हणले, वरच्या झाकणातून पाइप सोड, खालचं टोक तोंडात धर आणि ओढ, पाणी आपोआप उतरतं. उतरतं खरं. दिवसभर गल्लीगल्लीत मी हेच करतो. पाइप तोंडात, डोळे मिटून ओढायचं, पाणी घशाशी आलं की बाहेर काढून हंड्यात धरायचं. अख्ख्या पूर्व भागाचं पाणी माझ्या तोंडातून सुरू होतं म्हणा ना. या गोष्टीचा मला थोडा गर्वच होता.

मागच्या आठवड्यात पुंडलिकनगरला गेलो. चार दिवसांनी टँकर आलेला, रांग पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत, माणसांचं रक्त आधीच तापलेलं. पाइप वर सोडला, तोंडात धरला, ओढला. पाणी लवकर येईना म्हणून जोर लावला, तर आत हिरडीत काहीतरी फुटल्यासारखं झालं. पाणी आलं. पाइप मी पहिल्या हंड्यात धरला. हंडा सरोजिनीबाईंचा, त्यांचे मालक सदाशिवराव म्हणजे कचेरीतून रिटायर झालेले आणि त्या गल्लीचे आपण होऊन झालेले अध्यक्ष. पाइप पांढरा, मामा. त्याचं टोक लालभडक. सरोजिनीबाईंनी आधी पाइपाकडं बघितलं, मग माझ्या हनुवटीकडं, आणि अशी किंकाळी फोडली की गिरणी बंद पडली. "अहो, थांबवा हे! रक्त आहे पाण्यात!"

पुढचं मी नुसतं सांगतो, तुम्ही डोळ्यांसमोर आणू नका. कुणीतरी टीबी म्हणलं. तो शब्द रांगेतून असा गेला की शेवटच्या माणसाजवळ पोचेस्तोवर मी तिसऱ्या स्टेजला होतो. बायकांनी पोरं आत ओढली. सदाशिवरावांनी चढून टँकरची चावी काढली, रुमालात बांधली आणि जाहीर केलं की पोलीस येईस्तोवर टँकर हलणार नाही. ज्यांचे हंडे भरले होते ते म्हणाले ओता हे पाणी. ज्यांचे भरले नव्हते ते म्हणाले ओतता कशाला, आम्हाला द्या, उकळून घेऊ. एकानं तोडगा काढला की रक्ताचं पाणी संडासाला वापरू आणि चांगलं पाणी प्यायला, पण कुठून रक्ताचं संपतं आणि कुठून चांगलं सुरू होतं यावर दोघांची गचांडी धराधरी झाली. बब्बूभाई बिचारा हात जोडून सगळ्यांना सांगत होता, "अरे साब, खून इसका है, पानी तुमारा है, दोनों कू काय कू मिलारे?" पण ऐकतो कोण. चारी बाजूंनी माणसं, मागं टँकर, तोंडात रक्त. थुंकावं तर मारतील, गिळावं तर ओकारी येईल. मी दोन्ही न करता गालात धरून उभा होतो, आणि मामा, शप्पथ, त्या वेळी मला तुमची लई आठवण आली.

तेवढ्यात सरोजिनीबाईंची सून स्वरदा स्कूटी काढून दवाखान्याला निघाली होती, ती थांबली. ती दातांची डॉक्टर. सासूला म्हणाली, "आई, बाजूला व्हा," आणि मला म्हणाली, "थुंक इथं. आ कर." मला एका पालथ्या बादलीवर बसवलं, पिशवीतून हातमोजा काढला आणि मोबाईलच्या उजेडात बघायला लागली. मामा, एवढ्या लोकांनी माझं तोंड आतून कधी बघितलं नव्हतं. रांग मोडली ती नवी रांग लागली, माझ्या तोंडासमोर. सदाशिवराव चष्मा लावून वाकले. डॉक्टरीणबाईंनी बोटानं हिरडी दाबली, तर रक्त आणि पिवळं दोन्ही आलं. "हे बघा सगळे," त्या म्हणाल्या, "हिरडीतून येतंय, छातीतून नाही. खोकला आहे का रे? ताप? वजन उतरलं? नाही ना. मग उगाच टीबी करू नका त्याचा." लोक थोडे नाराजच झाले.

मी विचारलं, कोणता दात किडलाय मॅडम, आमचे मामा काढतात. तर त्या म्हणाल्या, दात एकही किडलेला नाही, दात सगळे चांगले आहेत. ते ज्यात उभे आहेत तेच खचलंय. मग त्यांनी मला कळेल असं सांगितलं, ते मी तुम्हाला कळेल असं सांगतो. आपण जेवतो त्याचा चिकट थर रोज दाताच्या बुडाशी बसतो. तो नीट घासून काढला नाही की कडक होतो, त्याला कीटण म्हणतात; आमच्या टँकरच्या आतून पांढरं कवच धरतं ना, तसं. हिरडी त्याला भिऊन दात सोडते आणि मागं सरते. मध्ये खिसा पडतो. खिशात घाण साठते, आणि ती घाण खालचं हाड खाते. बांधावरच्या झाडाच्या बुडाची माती पुरानं नेली की झाड हिरवं दिसतं पण हलतं. तसे माझे चार. झाडाचा दोष नाही. आणि मिसरीबद्दल त्या जे म्हणाल्या ते मी हळू आवाजात लिहितो, मामी जवळ असतील तर. मिसरी रक्त दाबून धरते. रोग आत वाढत राहतो आणि वरून सगळं कोरडं ठाक दिसतं. डबी आली नव्हती तेव्हा रक्त आलं, ते पेस्टमुळं नाही. मिसरीचा पडदा सरकला, म्हणून दिसलं.

मी म्हणलो, मग तुम्हीच करा काय ते. तर नाही म्हणाल्या. मला वाटलं, झालं, तहसीलसारखं इथंही आता एका टेबलावरून दुसऱ्यावर. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं. म्हणाल्या, "हे बघ, नुसतं ब्रश करताना रक्त येत असतं, हिरडी लाल, सुजलेली असती, तर मीच साफ करून दिलं असतं, पंधरा दिवसांत थांबतं. पण हिरडी खाली सरकून दात लांब दिसायला लागले, मध्ये फटी पडल्या, पू आला, तोंडाला वास राहिला, दात हलायला लागला, चावताना वरचे खालचे जुळेनात, म्हणजे गोष्ट माझ्या हाताबाहेर गेली. त्याला हिरड्यांचे वेगळे डॉक्टर असतात. यातलं एक दिसलं तरी जायचं. तुझ्याकडं तर एकूण एक आहे." सगळं आहे म्हणल्यावर मला उगाच बरं वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या परीक्षेत काही राहिलं नव्हतं.

चावी परत मिळाली. पण अप्पारावांनी त्याच दिवशी मला घरी बसवलं, डॉक्टरचं लेखी आणल्याशिवाय टँकरला हात लावू नको म्हणाले. आणि मजा बघा मामा, दोन उन्हाळे मी सांगत होतो तो कॉक त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत नवा बसवला. माझ्या तोंडाचं जे व्हायचं ते झालं, टँकरचं भलं झालं.

मग मी दातांच्या सरकारी कॉलेजात गेलो. तिथं हिरड्यांचा विभागच वेगळा आहे. त्या मॅडम शांत, बोलतात कमी, हात मात्र चालू. त्यांनी एक बारीक सळई घेतली, तिच्यावर आकड्यांच्या खुणा. टँकरमध्ये पाणी किती उरलं ते बघायला आम्ही गज सोडतो ना, अगदी तसंच, दात आणि हिरडीच्या मध्ये सोडायची आणि आकडा बोलायचा. बाजूला एक शिकाऊ पोरगी लिहून घेत होती. मागच्या दातांना म्हणाल्या दोन. पुन्हा दोन. तीन. माझा जीव खाली खाली. म्हणलं, तळाला गेलंय आपलं. मग पुढच्या दातांकडं आल्या आणि म्हणाल्या पाच. मी सावरून बसलो. सहा. मला धीर आला. सात! मामा, सात ऐकल्यावर मी तोंडात सळई असताना हसलो. मॅडम थांबल्या, म्हणाल्या, दुखलं का? मी म्हणलो, नाही मॅडम, सात आलं ना, भरपूर आहे. त्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की इथं पाणी मोजत नाहीत, खड्डा मोजतात. तीनपर्यंत ठीक, पुढं जेवढं खोल तेवढं वाईट. आमच्या भागात खोल ऐकून खूश होणारा मीच पहिला नसेल. इकडं बोअर घेताना लोक आकड्याला नारळ फोडतात. पण त्या एका क्षणात माझा सगळा आनंद आटला. विचारलं, मग काढायचे का? त्या म्हणाल्या, फोटो बघू. फोटो येईस्तोवर मी बाकड्यावर बसलो होतो, आणि समोरच्या भिंतीवर दातांचं चित्र होतं, त्यातले बत्तीसच्या बत्तीस माझ्याकडं बघून हसत होते.

फोटोत हाड अर्ध्यावर आलेलं. मी म्हणलो, परत वाढेल का? म्हणाल्या, गेलेलं सगळं परत येत नाही, आहे ते मात्र धरून ठेवता येतं, आणि दात तेवढ्यावरसुद्धा उभे राहतात. रक्तातली साखर तपासली, ती बरी निघाली. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर जातात आणि हिरड्या खराब असल्या की साखर आवरत नाही, असं दोन्हीकडून आहे. मग आज सकाळी सुई टोचून तोंडाची एक बाजू बधिर केली आणि हिरडीच्या खालून कीटण खरवडलं. आवाज असा, जसा कुणी विहिरीच्या तळाचा दगड फोडतंय. हलणारे चार दात त्यांनी शेजारच्या दोन घट्ट दातांना बारीक तारेनं बांधून टाकले, एका दावणीला. आता तुम्ही ध्यान देऊन ऐका मामा. ते सगळे एकत्र बांधलेत. एकाला पक्कड लावली तर सगळी दावण येईल, घट्ट असलेले दोन धरून. राहिलेली बाजू सोमवारी करायची आहे. मग दीड महिन्यानं पुन्हा सळई घालून बघणार. खड्डे भरले तर ठीक, नाहीतर हिरडी उघडून साफ करावं लागेल. मी विचारलं, वाचतील का चौघं? मॅडम म्हणाल्या, मिसरी कायमची सुटली, रोज नीट घासलंस आणि वेळेवर आलास, तर वाचतील असं मला वाटतं. वर म्हणाल्या, "कुणी मध्येच हात लावला नाही तर." मी तुमचं नाव घेतलं नाही.

निघताना त्यांनी घरचं विचारलं, कारण हा रोग काही घरांत जास्त असतो. आई-वडिलांपैकी कुणाचे दात लवकर गेले का? म्हणलो, आईचे, मी शाळेत होतो तेव्हाच. कशानं गेले? म्हणलो, मामांनी काढले. लिहिणारी पोरगी लिहायची थांबली. भावंडं? एक बहीण आहे, तिचे दात मोत्यासारखे आहेत, म्हणून मी उठलो. (मोने, हे अजिबात मोठ्यानं वाचू नकोस, घोट प्यायला पाणी माग. आईचे दात किडके नव्हते गं. मला आठवतंय, मामानं काढून हातात धरलेला पांढरा स्वच्छ दात, मुळापर्यंत. सगळे म्हणायचे, लेकरं झाली की बाईचे दात जातातच. मॅडम म्हणाल्या, तसं काही नसतं. वेळेत बघितलं असतं तर कदाचित पुष्कळ राहिले असते. मामाला हे कळलं तर तो जेवणार नाही. आई कळवळायची आणि मामा शेतातलं काम टाकून पळत यायचा, हेही मला आठवतंय. म्हणून हे तुझ्या माझ्यात.)

तर मामा, एवढंच सांगायचं होतं. रविवारी या, पिशवीत मामींच्या हातची भाकरी आणा, चटणी नको, झोंबते. मिसरीची डबी पाठवू नका, मामींना वाईट वाटेल असं न सांगता सांगा. इकडं सगळं ठीक आहे. थोरांना नमस्कार, पारावरच्या मंडळींना त्यांनी सुचवलेलं सगळं करून बघितलं असं कळवा.

तुमच्याच हाताखाली वाढलेला, तोंड अर्धं बधिर असलेला भाचा,
गोकुळ

ता. क. पत्र सर्जेरावच्या जीपनं पाठवतोय. त्याचीही एक दाढ दुखतेय असं तो म्हणतो, पण तुमच्याकडं यायला नको म्हणून हसून दाखवतो. त्याला मी स्वरदा डॉक्टरांचा पत्ता दिलाय. राग मानू नये.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फाडलं. जीपची वाट बघत बाकड्यावर बसून पहिल्यापासून वाचत होतो, तर तुमच्या फोनवरच्या बोलण्यापाशी अडकलो. "आधी घरातलंच एक गिऱ्हाईक उरकतो." मामा, घरात कोण आहे? तुमचे बत्तीस दगडासारखे, तुम्ही अजून सुपारी दातानं फोडता. मामींच्या तोंडात कवळी. राहिलं कोण? मी मॅडमला मोत्यासारखे म्हणून सांगून आलो, आणि आता सगळं एकदम डोळ्यांसमोर येतंय. दिवाळीला आलो तेव्हा मोनिका हसताना ओढणी तोंडावर धरत होती, मला वाटलं मोठी झाली, लाजते. पेरू विळीवर चिरून खात होती. हीच पोरगी आख्ख्या पेरूसाठी माझ्याशी मारामाऱ्या करायची. आणि सकाळी तोंड धुतल्यावर थुंकलेल्यावर पायानं माती सारत होती. मी बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं, कारण मीही मुकुंदवाडीत हेच करतो.

मोने, तू हे वाचताना थांबू नकोस. आता कंस नाहीत. मागचं पान उलट आणि कंसातलंही सगळं मोठ्यानं वाच, आईचंसुद्धा. मामा, आईच्या वेळी तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही नव्हतं. तिचं दुखणं थांबवायला त्या वेळी तुमच्याशिवाय कुणी आलं नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. पण आता आपल्याला सांगितलंय. मोनिकाच्या दाताला पक्कड लावू नका. हलत असला तरी नाही, तिनं स्वतः म्हणलं तरी नाही. रविवारी तिला घेऊन या, सोमवारी सकाळी माझ्यासोबत ती त्या सळईखाली बसेल. तिचं लग्न जमवायचं म्हणून लपवायचं असेल तर दात पडल्यावर लपवायला काय उरणार आहे? आणि खरं सांगायचं तर मलाही एकट्यानं पुन्हा त्या खुर्चीत बसायचं धाडस होत नाही. वर मी धीट असल्यासारखं लिहिलंय ते तसं नव्हतं. सुई बघितली तेव्हा मी मॅडमच्या शिकाऊ पोरीचा हात धरला होता आणि तिनं सोडवून घेईस्तोवर सोडला नव्हता.

तिसरा ता. क. मोने, कणगीत खुपसलेली पक्कड काढ आणि मामाच्या पिशवीत टाक. मामा, पक्कड आणाच. अप्पारावांनी बसवलेला नवा कॉक कालपासून गळतोय, बब्बूभाईच्या हातानं आवळेना, आणि तुमच्या हाताएवढा जोर इथं कुणाच्या हातात नाही. त्याला हिरडी नाही, पाहिजे तेवढा पिळा.